नीलम्माक्काची अर्धी चरवी

नीलम्माक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडं बघायचीच नाही. सरळ रांजणाकडं जायची. बोटाचं पेर वाकवून त्यावर टकटक करायची, कान लावायची आणि सांगायची, "दीड घागर हाय. सांजंपत्तुर पुरंल." आपण झाकण काढून बघावं तर बरोबर तेवढंच पाणी! मग ती ऐसपैस बसायची, पदराचा शेव कमरेला खोचायची आणि म्हणायची, "हां, आता बोल. काय चाललंय?"

माझी तिची ओळख अशाच टकटकीनं झाली. मी मुदखेडची. लग्न होऊन औशाला आले. पहिल्याच आठवड्यात ही उंच बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी घाबरून उभी राहिले. ती रांजण वाजवून वळली आणि म्हणाली, "मुदखेडची ना तू? रेल्वेच्या गावची. तुमच्याकडं इंजिनाला लागतंय तेवढं पाणी आमच्या सगळ्या गल्लीला न्हाई. जपून वापर." तेव्हापासून तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी "मुदखेडची"च राहिले.

तिच्या मालकांची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिवराजअप्पा अडतीवर मापाडी होते. धान्य मोजायचं काम. तुम्ही बाजारात बघितलं असेल, मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, "लाभ" म्हणतो, मग दोन, तीन. अप्पा बोलायचे फार कमी. दिवसभरात लाभ, दोन, तीन एवढंच बोलत असतील तर असतील. पण त्यांच्या हातचं माप कधी उणं नव्हतं. शेतकरी म्हणायचे, अप्पा मोजायला बसले की आम्ही चहा प्यायला जातो, डोळा ठेवायची गरज नाही. आणि या गोष्टीचा अक्काला भारी गर्व. उठता बसता म्हणायची, "आपल्या घरातून माप उणं जात न्हाई." भाकरी वाढताना तेच, दुधाची वाटी देताना तेच. लेकरांच्या कानात ते इतक्या वेळा पडलं होतं की त्यांना ते अंगाईसारखं पाठ होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी गेल्या. अडत ओस पडली, मोजायला दाणाच नाही तर मापाडी काय मोजणार? टँकर यायचा दिवसाआड. वेशीजवळच्या हौदात पाणी सोडायचा आणि घरटी दोन घागरी. तिथं जे काय चालायचं ते मी कशाला सांगू! घागरीनं घागर फुटायची, बायांच्या हातात एकमेकींचे केस. एक दिवस अक्का नवऱ्याला घेऊन तिथं गेली आणि हौदाच्या कठड्यावर चढून ओरडली, "हात रिकामे हायत आमच्या मालकाचे. आजपासून पाणी त्ये मोजतील. कुणाला शंका हाय का?" कुणाला असणार? अप्पा बादली घेऊन उभे राहिले. "लाभ." गर्दी अशी गप झाली की बादलीतून घागरीत पडणारं पाणी ऐकू यायचं.

पण अक्काचं तेवढ्यावर भागलं नाही. तिचं म्हणणं, रांगेत उभं राहू शकतो त्याला पाणी मिळतं; जो उभाच राहू शकत नाही त्याचं काय? तिनं तीन घरं धरली आणि आपल्या तीन लेकरांना वाटून दिली. थोरली महादेवी बारा वर्षांची. तिला बाळंतिणीचं घर. मधला मल्लू नऊचा. त्याला एक लंगडे म्हातारे पोस्टमन. आणि धाकटी शांता, सहा वर्षांची. तिला चाँदबीखाला.

चाँदबीखाला बांगड्या विकायची. आख्ख्या गावच्या पोरींच्या हातात तिनं बांगड्या भरलेल्या. पण मोतीबिंदू वाढला आणि ती घरात बसली. मागंपुढं कुणी नाही. जिभेनं मात्र फार तिखट. शांताच्या हातात एक पितळी चरवी असायची, दुधाची असते तेवढी. महादेवीला घागर, मल्लूला कळशी, शांताला चरवी. तिच्या चार खेपा म्हणजे चाँदबीचा दिवस. माझी सुमन पाचची. ती शांताच्या मागं मागं जायची, तिचं काम म्हणजे चरवीवर हात झाकून धरायचा. कचरा पडू नये म्हणून!

एक नियम होता अक्काचा. "पाणी ठिवून पळायचं न्हाई. बसायचं. कसं हाय, काय खाल्लं, विचारायचं. नुसतं पाणी तर टँकरबी देतंय." आणि दुसरा नियम, त्या घरात काही खायचं नाही, काही घ्यायचं नाही.

माझ्या सासूबाईंना हे पटायचं नाही. एकदा तोंडावर म्हणाल्या, "नीलम्मा, लेकरं राबवायलीस आन् तू मिरवायलीस."

"मिरवायली तर मिरवायली," अक्का म्हणाली. "मी एकलीनं केलं आसतं तर माज्याबरोबर मसणात गेलं आसतं, मावशी. लेकरांना खोड लागू दे की."

"खोड लागली आन् शाळा सुटली तर?"

"मग तुमच्या नातीला पाठवू नका."

सासूबाईंनी सुमनला बजावलं, जायचं नाही. पण सुमन जातच राहिली, कारण तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आता एक फजिती सांगते. टँकर यायच्या आदल्या सांजेला लोक हौदासमोर रांगेत दगड ठेवायचे. आपला दगड म्हणजे आपला नंबर. सकाळी दगड उचलायचा, घागर ठेवायची. ही रीत सगळ्या गावानं मानलेली. तर हौदाजवळ सांडलेल्या पाण्याचा चिखल, त्यावर माश्या. अक्कानं ठरवलं, झाडून काढायचं. एका सकाळी लेकरांना खराटे देऊन पाठवलं, आपण भाकरी टाकून मागनं निघाली. लेकरांनी जागा अशी झाडली, अशी झाडली की लग्नाचा मांडव घालावा. सगळे दगडधोंडे गोळा करून एका कडेला ढीग लावला.

तीस-पस्तीस घरांचे नंबर! झाडून ढिगात!

लोक आले आणि एकच गिल्ला झाला. "समाजसेवा करायली म्हणं! आमचा नंबरच झाडून टाकला की!" "माझा पयला होता!" "तुझा कसा पयला? माझा पयला होता!" बघता बघता पहिल्या नंबरचे तिघं निघाले. टँकर येऊन उभा. अक्का येऊन पोचली आणि लेकरांच्या हातातले खराटे काढून घ्यायला लागली. मल्लू रडायला लागलेला. तेवढ्यात शांता ढिगावर बसली आणि एक दगड उचलून म्हणाली, "ह्यो लाल, ह्यो पोस्टमनआबाच्या शेजारच्या काकूचा. ह्यो पयला होता."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग ढिगाजवळ उकिडवे बसले आणि दुसरा दगड उचलला. "ह्यो?"

"चुना लागलेला? मशिदीजवळच्या चाचाचा. दोन नंबर."

"ह्यो?"

"ह्यो नळीचा तुकडा तिसरा. त्याच्या मागं काळा गुळगुळीत, मुदखेडच्या काकूचा."

सांजेला दगड लागले की ती पोरगी त्यांच्याशी खेळायची. तिला सगळे ठाऊक. पहिल्या नंबरचा हक्क सांगणारे एक काका छाती पुढं काढून उभे होते, त्यांना ती म्हणाली, "तुमचा दगड न्हाईच. तुमी काल ठिवलाच न्हाई." आख्खी रांग हसली. टँकरचा ड्रायव्हर तर खाली उतरून हसला. काका घागर घेऊन रांगेच्या शेवटाला गेले. अप्पांनी बादली उचलली आणि म्हणाले, "लाभ."

त्या दिवशी अक्का मला म्हणाली, "मुदखेडची, ही पोरगी बापाचं माप घिऊन आलीय बघ." किती खुशीत होती! मला आता वाटतं, त्या खुशीतच पुढचं पेरलं गेलं.

पुढचं असं झालं. उन्हं तापली. एका सकाळी बातमी आली की चाँदबीखालाला रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालंय, वय झालेलं आहे, सांगता येत नाही. आणि गावात बोंब उठली, टँकरचं पाणी खराब आहे! लोक म्हणायला लागले, उद्या टँकर आला की परत पाठवायचा. आता टँकर परत गेला तर प्यायचं काय?

दुपारी सुमन जेवेना. ताटासमोर बसून राहिली. मी विचारलं तर रडत म्हणाली, "आई, बारवेचं पाणी वाईट असतंय का गं?"

मी तिचं ताट बाजूला सारलं. आमच्या वाटेवर एक जुनी बारव होती. पायऱ्या उतरून गेलं की तळाशी हिरवं पाणी, गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. हौदापासून चाँदबीचं घर लांब, चढ-उतार, सहा वर्षांचं लेकरू. चरवी हिंदकळायची, निम्मी रिकामी व्हायची. आणि या दोघी पायऱ्या उतरून ओंजळीनं ती भरून घ्यायच्या. "गाळून घेत होतो आई," सुमन म्हणाली, "शांता फ्रॉक धरायची, मी वतायची." किती दिवस? "लई दिवस न्हाई. ऊन लागायलंय तवापासनं."

मी तशीच उठले. खरं सांगते, अक्काच्या दारात पोचेपर्यंत दोनदा मागं वळले. माझीपण लेक त्यात होती ना! गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण चाँदबी तिकडं पडलेली, आणि उद्या टँकर परत गेला असता.

अक्कानं सगळं ऐकलं. शांता खाटेखाली जाऊन बसली होती. अक्कानं तिला हाताला धरून ओढून काढलं, दुसरा हात उगारला. "काहून टाकलीस गं ते पाणी? काहून?"

शांता म्हणाली, "आपल्या घरातून माप उणं जात न्हाई. तूच म्हणतीस."

उगारलेला हात तसाच राहिला. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी अक्काला त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ वेळा बघितलं, पण अशी खाली बसलेली कधी बघितली नाही. म्हणाली, "मारायचं कुणाला, मुदखेडची? माझंच तोंड फोडाय पायजे."

त्याच सांजेला ती शांताला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांना सांगितलं, चाँदबीला सांगितलं. चाँदबी गुंगीत होती, किती ऐकलं देव जाणे. आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा अक्का पुन्हा कठड्यावर चढली. लोक टँकर अडवायला उभेच होते.

"टँकरचं पाणी चांगलं हाय," ती म्हणाली. "खराब माझ्या घरानं केलं. माझ्या लेकरानं बारवेचं पाणी मिसळलं, कारण मी तिला भरलेल्या चरवीचा नाद लावला. काय बोलायचं त्ये मला बोला. लेकराला कुणी बोललं तर बघा."

लोक बोलले की. का नाही बोलणार? "लेकरांच्या हातात पाणी देत असतेत का?" "म्हातारी मेली म्हंजे?" एक जण म्हणाला, "बास करा आता तुमची सेवा." अक्का एक एक शब्द ऐकत उभी. अप्पांनी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग बादली बुडवली. "लाभ." आणि टँकर परत गेला नाही.

अक्कानं लेकरांचं काम बंद केलं. तिन्ही घरांचं पाणी स्वतः वाहायला लागली. शांता खाटेखालून बाहेर येईना. खायची थोडं, पण पाण्याचा तांब्या समोर केला की तोंड फिरवायची. घोटभर पाजायचं तर अप्पांना चमच्यानं पाजावं लागायचं. सगळी सेवा, सगळं नाव चुलीत गेलं म्हणायची अक्का. तिला आता एकच ध्यास, म्हातारी जगली पाहिजे. म्हातारी गेली तर ही पोरगी जन्मभर खाटेखालीच राहील.

म्हातारी जगली. आठवड्यानं घरी आली, हाडांचा सापळा. अक्का घागर घेऊन गेली, मी सोबत होते. चाँदबीनं पावलं ओळखली. बाजेवरनंच म्हणाली, "कौन? नीलम्मा? तेरा पानी नको मेरेकू."

अक्काचा चेहरा पडला. "खाला, चूक झाली. किती येळा पाया पडू?"

"पाँव क्या पडती. छोरी किधर है? उसकू भेज."

"खाला, तिनंच तर..."

"मालूम है मेरेकू. दवाखान्यात सब सुनी मैं. बहिरी नहीं हुई. जिस छोरी के हात से लेती थी उसीच के हात से लेऊंगी. नहीं तो ले जा घागर."

अक्का घरी आली आणि खाटेसमोर जमिनीवर पालथी पडली. तोंड खाटेखाली. "शांते, खाला तहानली हाय. माझ्या हातचं पीत न्हाई. काय करू?"

खाटेखालून आवाज आला, "सांडतंय गं आई."

"सांडू दे."

"उणं व्हतंय."

"हुऊ दे उणं. जेवढं उरंल तेवढं ने. आन् सांग तिला, सांडलं म्हणून. तेवढं जमंल का?"

त्या दिवशी शांता चरवी घेऊन निघाली तेव्हा दारादारात बाया उभ्या. अक्का आणि मी थोडं मागनं. पोरगी खाली बघत चाललेली, फ्रॉक ओला होत चाललेला. बारवेपाशी आली. थांबली. पायऱ्यांकडं बघितलं. मग चरवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पुढं निघाली.

चाँदबीच्या उंबऱ्यात जाऊन म्हणाली, "खाला, अर्धीच हाय. सांडली."

चाँदबीनं चाचपडत चरवी घेतली. बोट आत घातलं, पाणी कुठपर्यंत आहे बघितलं. "हाव, अर्धीच है," म्हणाली. आणि घटाघटा प्याली. आमच्या सगळ्यांच्या समोर. थोडं उरवलं आणि चरवी शांतापुढं केली. "तू पी." शांता प्याली.

मग म्हातारीनं बाजेखालून पेटी ओढली आणि हिरव्या बांगड्या काढल्या. अक्का लगेच, "न्हाई खाला, आमच्यात काही घेत न्हाईत."

"तेरेकू कौन दे रहा? मेरे काम की चीज है. आँख गयी मेरी. छोरी वाजत आयेगी तो कळेगा, दरवाजा उघडके रखूंगी."

अक्कानं शांताचा हात धरून पुढं केला. पहिल्यांदाच तिचा नियम मोडला. तेव्हापासून दुष्काळ संपेपर्यंत ती पोरगी गल्लीतनं बांगड्या वाजवत जायची आणि अर्धी, पाऊण, जशी उरेल तशी चरवी पोचवायची. माप उणं जात नाही, हे वाक्य मी अक्काच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. त्याऐवजी विचारायची, "किती सांडलं? खरं सांग."

पुढं वर्षं गेली. लातूर आमचा नवा जिल्हा झाला. जिकडं तिकडं कमानी, मंडप, सत्कार. कुणीतरी दुष्काळात काम केलेल्या लोकांची यादी केली, त्यात हिचं नाव. चाँदबी तोवर गेली होती. आम्ही सगळे एसटीनं लातूरला गेलो. अक्काला शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. ही माईकपुढं गेली, बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केली आणि बारवेची सगळी गोष्ट सांगून मोकळी! दगडांची नाही हं, पोस्टमनची नाही, बारवेचीच. सत्कार करणारे एकमेकांकडं बघून राहिले. खाली आल्यावर मी म्हटलं, "अक्का, चांगलं सांगायचं सोडून हे काय सांगितलंत?"

"चांगलं त्येनी सांगितलं की," ती म्हणाली. "सांडलेलं कोण सांगणार?"

नारळ तिनं परतीच्या एसटीत फोडला आणि मागच्या बाकापर्यंत वाटला. खोबऱ्याचे तुकडे वाटायला उठली कोण? शांता. सोळा वर्षांची झालेली, हातात हिरव्या बांगड्या.

आता शेवटचं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. औशातही तीच गत. अप्पा नव्हते, माझे मालक नव्हते, सुमन सासरी. मला ताप आलेला, चार दिवस अंथरुणात. दुपारी दार ढकललं गेलं. अक्का. ऐंशीला आलेली, कमरेत वाकलेली. एका हातानं शांताच्या नातीचं बोट धरलेलं आणि दुसऱ्या हातात तीच पितळी चरवी. पाणी हिंदकळत होतं.

सवयीनं आधी पाण्याकडं गेली. आता रांजण कुठला? निळा प्लास्टिकचा ड्रम. टकटक केली, कान लावला. "ह्याला आवाजच न्हाई गं," म्हणाली. मग चरवी माझ्या उशाशी ठेवली.

"मुदखेडची, अर्धीच हाय. सांडली."

मी उठायला लागले तर हातानं दाबलं. ती बसली. पोरीलाही बसवलं. "विचार काकूला, कसं हाय, काय खाल्लं." पोरीनं विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ दोघी बसून राहिल्या, मग गेल्या. त्यानंतर पंधरा दिवसांत अक्का झोपेतच गेली.

त्या दुपारी मी भिंतीला धरत दारापर्यंत आले होते. गल्लीत ऊन नुसतं भाजत होतं. अक्का पोरीचं बोट धरून हळूहळू चाललेली. आणि तिच्या घरापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत सांडलेल्या पाण्याची ओळ होती, टपटप थेंबांची, माझ्याकडची अजून ओली, तिच्याकडची वाळत आलेली.